कावीळ कोणती, ते विचारा

वस्तीत कुणाचे डोळे पिवळे दिसले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कावीळ किती आली?" मग उत्तर येते, "आठ आली." नाहीतर, "बारावर गेली होती, आता पाचवर आहे." हा आकडा रक्तातल्या बिलिरुबिन नावाच्या पिवळ्या द्रव्याचा असतो. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की ते तयार होते आणि निरोगी यकृत, म्हणजे लिव्हर, ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृत आजारी पडले की ते रक्तात साचते आणि डोळे, लघवी, कातडी पिवळी दिसू लागते. आकडा एवढेच सांगतो की यकृताला मार बसला आहे. मार कुणी दिला, ते सांगत नाही. ते कळल्याशिवाय पुढे काय करायचे हेही ठरत नाही. म्हणून कावीळ किती, याच्या आधी कावीळ कोणती, हे विचारायला हवे.

यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच. त्यांना हिपॅटायटिस ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. ए आणि ई हे विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून तोंडात जातात. बी, सी आणि डी रक्तातून जातात. बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. डी फक्त बी असलेल्यालाच होतो, म्हणून त्याचे वेगळे काही सांगत नाही. ए आणि ई गाजावाजा करत येतात : ताप, उलट्या, पिवळे डोळे, आणि बहुतेकांच्या बाबतीत महिना-दीड महिन्यात जातात. बी आणि सी चोरपावलांनी येतात. कित्येकांना डोळे पिवळे झाल्याचे आठवतही नाही, आणि वीस-पंचवीस वर्षांनी पोटात पाणी झाले की तेव्हा कळते. आपल्याकडे भीती पहिल्या जोडीची असते. दुसऱ्या जोडीचे नावही घरात निघत नाही.

नळातून येणारी कावीळ

१९५५ च्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची साथ आली. यमुनेचा प्रवाह सरकला होता आणि नजफगड नाल्याचे मैलापाणी जिथून शहराचे पिण्याचे पाणी उचलले जाते तिथपर्यंत मागे चढले. पाणी खात्याने क्लोरीन वाढवला. त्यामुळे टायफॉइड, हगवण वाढली नाही. पण कावीळ सुमारे २९ हजार लोकांना झाली. म्हणजे क्लोरीनने जिवाणू मेले आणि गढूळ पाण्यातला विषाणू तगला. तेव्हा सगळ्यांनी ही हिपॅटायटिस ए ची साथ धरली. पंचवीस वर्षांनी, १९८० साली, त्या साथीतल्या रुग्णांचे जपून ठेवलेले रक्त पुन्हा तपासले गेले. त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले शास्त्रज्ञ होते. तो ए नव्हता, बी पण नव्हता. १९७८ साली काश्मीर खोऱ्यात आलेल्या मोठ्या साथीवरून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही हेच म्हटले होते की हा कुणी तिसराच आहे. १९८३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ मिखाइल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन कावीळ ओढवून घेतली आणि आपल्याच विष्ठेत तो विषाणू दाखवला. त्यालाच पुढे ई हे नाव मिळाले.

आपल्या महाराष्ट्रालाही त्याची ओळख चांगलीच आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत हजारो माणसे काविळीने आजारी पडली, काही दगावली. तो ई होता.

आता हे पाणी आपल्या हंड्यात कसे येते ते पाहू, कारण पाण्याच्या टाकीजवळ घेतलेला नमुना स्वच्छ निघतो आणि वस्तीतली माणसे तरी आजारी पडतात. नळाला पाणी तास-दोन तास येते. पाणी चालू असते तेव्हा पाइपात दाब असतो. फट असेल तर पाणी बाहेर गळते. पाणी गेले की पाइप रिकामा होतो आणि त्याच फटीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. आपल्या गल्लीत पाइप गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच गेलेला असतो. वर कुणी नळाला थेट मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते. म्हणून पाणी आल्या आल्या पहिली काही मिनिटे येते ते सगळ्यांत घाण. ते धुण्याभांड्याला घ्यावे, पिण्याला नाही. मोटारीचा शेजाऱ्याशी वाद घालताना पाणी कमी येते एवढेच आपण बोलतो. ती मोटार सगळ्या गल्लीला गटार पाजते, हेही बोलावे.

तुरटीने गाळ बसतो, विषाणू मरत नाही. फडक्याने गाळून तर मुळीच जात नाही. साथीच्या दिवसांत पाणी खळखळ उकळून प्यावे हाच खात्रीचा मार्ग. गॅस महाग आहे हे आम्हाला माहीत आहे. सगळे पाणी उकळणे होत नसेल तर निदान गर्भवतीचे आणि घरातल्या यकृताच्या रुग्णाचे उकळावे. बाकीच्यांसाठी आशाताईंकडून क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या घ्याव्यात, त्या गढूळ नसलेल्या पाण्यात टाकाव्यात आणि अर्धा तास थांबावे.

साथ ओळखण्यात एक अडचण आहे. ए शरीरात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात, ई ला दोन ते दहा. म्हणजे आज कावीळ झाली ती आजच्या पाण्याने नव्हे, महिन्यापूर्वीच्या. अधिकारी येतात, आजचे पाणी नेतात, अहवाल चांगला येतो आणि विषय मिटतो. म्हणून गल्लीत पाणी कोणत्या तारखेला गढूळ आले, वास कधी आला, पाइप कुठे फुटला होता, याची एक साधी वही कुणीतरी ठेवावी. एकाच गल्लीत दोन-तीन घरांत कावीळ दिसली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लेखी कळवावे. अशी तारखांची वही असली की अर्जाला वजन येते.

ए आणि ई दोन्ही पाण्यातूनच येतात, तरी माणसे वेगळी निवडतात. ए लहान मुलांना होतो. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला झाला तर बहुधा डोळेही पिवळे होत नाहीत, थोडा ताप, थोडी कुरकुर, झाले. त्यानंतर जन्मभर तो पुन्हा होत नाही. आपल्या वस्त्यांत बहुतेक मोठी माणसे लहानपणीच त्यातून गेलेली असतात. पुण्यात १९८२, १९९२ आणि १९९८ अशा तीन वेळी रक्त तपासून पाहिले तेव्हा सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांमध्ये ए होऊन गेल्याच्या खुणा कमी कमी होत गेलेल्या दिसल्या. नळ आणि संडास सुधारले की हा आजार बालपणातून तारुण्यात सरकतो, आणि मोठेपणी तो जास्त जोराचा असतो. म्हणजे वस्तीतून फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या घरातला मुलगा कॉलेजात असताना ए ने आडवा होऊ शकतो. ए ची लस आहे, पण ती सरकारी लसीकरणात नाही, खासगीत मिळते.

ई मात्र पंधरा ते चाळीस वयाच्या माणसांना जास्त गाठतो, आणि गर्भवतीला मारतो. शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला तर शंभरात वीस-पंचवीस जणींपर्यंत मृत्यू होऊ शकतो. गर्भवतीचे डोळे पिवळे दिसले तर एक दिवसही घरी काढू नये. थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावे. बाकी कुणालाही कावीळ असताना जास्त झोप येणे, बरळणे, हिरड्यांतून रक्त, थांबत नसलेली उलटी दिसली तर तसेच करावे.

ई चा ठपका लोक डुकरांवर ठेवतात, म्हणजे आडून डुकरे पाळणाऱ्यांवर. युरोपात आणि जपानात कच्च्या-अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून ई होतो हे खरे. पण भारतात साथी आणणारा ई हा माणसाचाच प्रकार आहे. इथल्या डुकरांत सापडलेला प्रकार वेगळा आहे. आपल्याकडची साथ गळक्या पाइपाची आहे.

उतरवणाऱ्याचे यश

काविळीची माळ, चुन्याच्या पाण्यात हात धुणे, नाकात कडू रस, मनगटावर डाग : हे सगळे अजून चालते, आणि ते घेणारी माणसे मूर्ख नसतात. "आमच्या पोराची उतरली" हे ते खरेच सांगतात. ए आणि ई शंभरातल्या बहुतेकांच्या बाबतीत आपोआप उतरतात, मग माळ घाला वा घालू नका. ओल्या काड्या वाळल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. हाताला आंब्याच्या सालीचा रस लावून चुन्याच्या पाण्यात धुतला की पाणी पिवळे होते, मग कावीळ असो वा नसो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे गावोगाव करून दाखवतात. डाग आणि नाकातला रस मात्र नुसते निरुपयोगी नाहीत, घातक आहेत.

खरे नुकसान पुढे होते. रुग्णाला बी असेल, डोळे पांढरे झाले की घरचे म्हणतात उतरली, आणि रक्त कधीच तपासले जात नाही. विषाणू तसाच राहतो.

खाण्यापिण्याचेही थोडे सांगतो. हळद बंद करून कावीळ जात नाही, हळदीचा पिवळेपणाशी काही संबंध नाही. भूक असेल तसे साधे घरचे जेवण, वरण-भात-भाकरी द्यावी. उपाशी ठेवू नये. गाड्यावरचा उसाचा रस काविळीवर औषध म्हणून लोक मुद्दाम आणतात, त्यातला बर्फ कोणत्या पाण्याचा हे कुणी विचारत नाही. दारू पूर्ण बंद. दुखतेय म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणि कुणी दिलेले काढे घेऊ नयेत, त्या आजारी यकृतालाच पचवाव्या लागतात.

रक्तात लपणारे दोघे

बी चा शोध अमेरिकेतले डॉ. बरूच ब्लुमबर्ग यांना वेगळेच काही शोधताना लागला. निरनिराळ्या देशांतल्या लोकांच्या रक्तात काय फरक असतो, कुणाला कोणता आजार का होतो, हे ते पाहत होते. ज्यांना पुष्कळदा रक्त चढवले आहे अशा रुग्णांच्या रक्ताशी जगभरच्या लोकांचे रक्त ते ताडून बघत. त्यात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन मिळाले. अमेरिकनांत ते क्वचित, आशिया-आफ्रिकेतल्या अनेक समाजांत बरेच. पहिल्यांदा ते वंशातून आलेले असावे असे वाटले. पुढे कळले की तो वंशाचा गुण नाही, विषाणूचा तुकडा आहे, आणि जिथे आईकडून बाळाला व सुईकडून माणसाला तो पोचतो तिथे तो जास्त आहे. एखाद्या समाजात आजार जास्त दिसला की "त्यांच्यात असतेच ते" म्हणणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवावी. ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले; त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन आहे. त्यांना सापडलेले ते प्रथिन म्हणजेच आजच्या रिपोर्टवरचे "एचबीएसएजी".

बी कधी लागला यावर सगळे अवलंबून असते. जन्मताना किंवा तान्हेपणी लागला तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत तो कायमचा राहतो. मोठेपणी लागला तर शंभरातल्या पाचांहूनही कमी जणांत राहतो, बाकीचे स्वतः झटकून टाकतात. म्हणून बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बी ची लस द्यायची असते, आणि पुढे सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून. सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. बाळंतपण कुठेही होवो, कार्डावर पहिल्या दिवसाच्या बी लसीची नोंद झाली का, हे घरच्या बाईने नावाने विचारावे. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. तिथे आधी मुलांत शंभरात दहाच्या आसपास बी होता. लस घेतलेल्या पिढीत तो एकाच्या आसपास आला आणि मुलांमधला यकृताचा कर्करोगही घटला.

सी ला लस नाही. १९८९ मध्ये तो सापडला, त्याआधी तो कुणाच्या रक्तात आहे हे कळायलाच मार्ग नव्हता. इजिप्तमध्ये तर सरकारी मोहिमेतूनच तो पसरला. नाईल नदीच्या पाण्यातल्या कृमीचा आजार घालवायला १९५० पासून पुढे तीसेक वर्षे गावोगाव इंजेक्शने दिली गेली; काचेच्या सिरिंज तेवढ्याच, माणसे हजारो, उकळणे अपुरे. २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या दर शंभरात सुमारे पंधरा जणांच्या रक्तात सी च्या खुणा निघाल्या. मग त्याच देशाने २०१८-१९ च्या सात महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांचे बोटाच्या थेंबावरून रक्त तपासले आणि ज्यांच्यात निघाला त्यांना फुकट औषध दिले. आपल्याकडे पंजाबात सी जास्त आहे. गुजरातमधल्या मोडासा भागात २००९ साली बी ची साथ आली, डझनावारी माणसे गेली. वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने ती पसरली होती. एक लक्षात घ्या, तिथे सुई टोचून घ्यायला लोक साध्या तापा-अंगदुखीसाठी गेले होते.

आपणही जातो. "डॉक्टरने सुई दिली नाही, नुसत्या गोळ्या दिल्या" ही तक्रार आपल्या दवाखान्यांत रोज ऐकू येते. गोळीने होणाऱ्या कामाला सुई मागू नये. द्यावीच लागली तर पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे. सलूनमध्ये नवे पाते लावायला सांगावे. मुले बाबासाहेबांची सही, "जय भीम" हातावर गोंदवून घेतात. मेळ्यातल्या गाड्यावर एकाच सुईने आणि एकाच शाईच्या वाटीतून पन्नास हात गोंदले जातात, तिथे घेऊ नये. आणि श्रामणेर शिबिर असेल तेव्हा मुंडनाला प्रत्येकाचे पाते वेगळे ठेवावे. एका पात्याची किंमत काही रुपये आहे, आणि बी चा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस जिवंत राहतो.

२०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना बी आणि ५५ लाखांना सी होता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही. तपासणी कुणी करावी? गर्भवतींनी, ज्यांच्या घरात बी निघाला आहे त्यांनी, ज्यांना पूर्वी रक्त चढवले आहे, ज्यांचे डायलिसिस चालू आहे, जे नशेची सुई घेत किंवा घेतात, आणि सफाई व रुग्णालयात काम करणाऱ्यांनी. जयंतीला, सहा डिसेंबरला आपल्याकडे मोठी रक्तदान शिबिरे होतात. दिलेले रक्त बी आणि सी साठी तपासले जाते. नंतर रक्तपेढीचा फोन आला तर घाबरून तो टाळू नये, जाऊन भेटावे. मात्र फुकट तपासणी होते म्हणून रक्तदान करू नये; नव्या लागणीचे पहिले काही आठवडे तपासणीत दिसत नाहीत आणि ते रक्त दुसऱ्याला जाते.

रिपोर्ट वाचताना एवढे पुरे. "आयजीएम" म्हणजे आत्ताची लागण, "आयजीजी" म्हणजे बहुधा जुनी, होऊन गेलेली. एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे बी शरीरात आहे. सहा महिन्यांनीही पॉझिटिव्ह राहिले तर तो मुक्कामाला आहे असे समजायचे. त्या प्रत्येकाला गोळी लागत नाही, पण दर सहा महिन्यांनी दाखवत राहावे लागते. गोळी सुरू झाली तर मनाने बंद करायची नाही. "अँटी-एचसीव्ही" पॉझिटिव्ह म्हणजे सी कधीतरी आला होता, आत्ता आहेच असे नाही. ते कळायला आरएनएची तपासणी करावी लागते. सी निघाला तर बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णव जण पूर्ण बरे होतात. २०१८ च्या २८ जुलैला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी ची तपासणी व औषधे फुकट आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन कार्यक्रमाचे नाव घेऊनच विचारावे.

बी निघाल्यावर घरात काय होते तेही आम्ही पाहतो. सुनेचे ताट वेगळे, तांब्या वेगळा, पोराला जवळ घ्यायचे नाही. वेगळ्या तांब्याचा अर्थ आपल्या घरांना कुणी समजावून सांगायला नको. बी आणि सी एकत्र जेवल्याने, एका हंड्यातले पाणी प्याल्याने, मिठी मारल्याने होत नाहीत. बाळाला पहिल्या दिवसाची लस दिली असेल तर आईने अंगावर पाजावे. वेगळे ठेवायचे ते फक्त दाढीचे पाते, दातांचा ब्रश आणि नखे काढायची वस्तू. नवऱ्याने आणि घरातल्या बाकीच्यांनी तपासून लस घ्यावी, ते जास्त गरजेचे आहे.

शेवटी आपल्यातल्या त्या माणसांसाठी, जी रुग्णालयात आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार म्हणून राबतात, पालिकेचा कचरा उचलतात किंवा वेचतात. कचऱ्यात वापरलेली सुई टोचली आणि ती बी असलेल्याची असेल, तर लस न घेतलेल्या शंभर जणांपैकी तीसपर्यंत लोकांना बी लागू शकतो. सी चा धोका शंभरात दोन-तीन. बी ची लस मोठ्यांना तीन वेळा घ्यावी लागते : आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. कंत्राटी असलात तरी ती मुकादमाकडे, ठेकेदाराकडे, युनियनकडे लेखी मागा. सुई टोचलीच तर जखम पिळू नका, चोखू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, वेळ व जागा लिहून ठेवा आणि त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत, सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. लस घेतलेली नसेल तर तिथे लस देतात, गरज पडल्यास बी विरुद्धचे तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही देतात. ते पहिल्या २४ तासांत मिळाले तर सगळ्यांत चांगले.